बुटक्याच्या पोटातली टाचणी

१९२० सालच्या अखेरीस ‘स्ट्रँड’ मासिकाचा नाताळ अंक लंडनच्या दुकानांत आला आणि बघता बघता संपला. शेरलॉक होम्सला याच मासिकाने घरोघरी नेलं होतं, आणि या अंकात होम्सचा जन्मदाता आर्थर कॉनन डॉयल याचा लेख होता. विषय मात्र होम्स नव्हता. इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशरमध्ये ब्रॅडफर्ड शहराजवळ कॉटिंग्ली नावाचं खेडं आहे. तिथल्या ओढ्याकाठी दोन मुलींनी पऱ्यांचे फोटो काढले आहेत आणि ते खरे मानायला सबळ कारणं आहेत, असं डॉयल त्या लेखात सांगत होता. सोबत फोटोही छापले होते. एकात हनुवटीला हात लावून बसलेली लहान मुलगी, तिच्यापुढे नाचणाऱ्या इवल्याशा पऱ्या. दुसऱ्यात गवतात बसलेली थोडी मोठी मुलगी, आणि तिच्या हाताच्या दिशेने पाऊल टाकणारा पंखवाला, टोपीवाला बुटका.

मुलींची खरी नावं लेखात झाकली होती. मोठी एल्सी राइट, फोटो काढले तेव्हा सोळा वर्षांची. धाकटी फ्रान्सिस ग्रिफिथ्स, तिची नात्यातली बहीण, वय नऊ. फ्रान्सिस दक्षिण आफ्रिकेहून आईबरोबर कॉटिंग्लीला येऊन राहिली होती. घरामागे ओढा. पोरगी रोज बूट आणि झगा भिजवून परत यायची आणि रोज बोलणी खायची. ओढ्याला सारखी जातेस कशाला, असं विचारल्यावर एक दिवस ती म्हणाली, पऱ्या बघायला. मोठी माणसं हसली. एल्सीला आपल्या बहिणीचं हसं झालेलं खपलं नाही. १९१७ च्या जुलैत तिने वडिलांकडून त्यांचा कॅमेरा मागून घेतला, दोघी ओढ्याकडे गेल्या आणि थोड्याच वेळात विजयी मुद्रेने परत आल्या. वडील हौशी छायाचित्रकार होते. घरातल्याच अंधाऱ्या खोलीत त्यांनी कॅमेऱ्यातली, फोटो उमटायची काच धुतली, तर काचेवर पऱ्या उमटलेल्या.

वडिलांचा विश्वास बसला नाही. आपली मुलगी चित्रं छान काढते, काही काळ फोटोच्या दुकानात कामाला होती, हे त्यांना ठाऊक होतं. कागदाचे तुकडे असणार, म्हणाले. दोन महिन्यांनी बुटक्याचा फोटो आला तेव्हा त्यांनी कॅमेरा देणंच बंद केलं. घरातल्या घरात सुरू झालेली थट्टा घरातच संपायला हरकत नव्हती. एका बापाने आपल्या लेकीला ओळखलं होतं. तपास खरं तर तिथेच पुरा झाला होता.

पण एल्सीच्या आईला गूढ गोष्टींची ओढ होती. १९१९ मध्ये ती ब्रॅडफर्डच्या थिऑसॉफिकल सोसायटीत व्याख्यानाला गेली आणि तिने फोटोंचा विषय काढला. ही सोसायटी मराठी वाचकाला परकी नाही. मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट हे तिचे संस्थापक १८७९ मध्ये मुंबईत उतरले, गिरगावात राहिले, ‘थिऑसॉफिस्ट’ मासिक त्यांनी मुंबईतूनच सुरू केलं आणि मग बिऱ्हाड मद्रासजवळच्या अड्यारला हलवलं. निसर्गात सूक्ष्म देहाचे जीव असतात, ही त्यांच्या शिकवणीतली एक गोष्ट होती. त्यामुळे सोसायटीचा लंडनमधला एक पुढारी एडवर्ड गार्डनर याच्या हातात ते फोटो पडले, तेव्हा त्याला धक्का बसला नाही. हवा तो पुरावा मिळाल्याचा आनंद झाला. गार्डनरकडून फोटो डॉयलकडे गेले. पऱ्यांवर लेख लिहायचं ‘स्ट्रँड’ने त्याला आधीच सांगितलं होतं.

इथून पुढचा भाग मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण डॉयलने तपास केला नाही असं म्हणता येत नाही. त्याने केला. काचा जाणकारांना दाखवल्या. हॅरल्ड स्नेलिंग नावाच्या छायाचित्रणातल्या तज्ज्ञाने सांगितलं की एकच चित्रण आहे, दोन काचा एकावर एक छापलेल्या नाहीत, स्टुडिओतली कारागिरी नाही. कोडॅक कंपनीच्या लोकांनी काचेत खोट दाखवली नाही, पण खरेपणाचा दाखला द्यायलाही नकार दिला. इल्फर्ड कंपनीने बनावटीच्या खुणा आहेत असं कळवलं. डॉयल आणि गार्डनर यांनी यातलं सोयीचं ठेवलं, गैरसोयीचं बाजूला सारलं. पण त्याहून मोठी चूक वेगळीच होती. सगळे जण काच तपासत होते, आणि काच खरोखरच निर्दोष होती. कॅमेऱ्याने समोर जे होतं तेच इमानदारीने टिपलं होतं. विचारायला हवं होतं ते हे, की कॅमेऱ्यासमोर काय ठेवलं होतं?

१९२० च्या उन्हाळ्यात गार्डनर कॉटिंग्लीला गेला. मुलींना दोन कॅमेरे आणि गुप्त खुणा केलेल्या दोन डझन काचा दिल्या, म्हणजे कुणी काचा बदलल्या तर लगेच कळावं. बंदोबस्त चोख होता, पण भलत्याच दाराशी. मुली म्हणाल्या, कुणी बघत असलं की पऱ्या येत नाहीत. मोठी माणसं समजुतीने दूर झाली. आणखी तीन फोटो मिळाले. डॉयल त्या वेळी ऑस्ट्रेलियाला निघाला होता. तो कॉटिंग्लीला गेलाच नाही. होम्स असता तर पहिल्या गाडीने गेला असता आणि ओढ्याकाठी गुडघ्यांवर बसला असता.

बुटक्याच्या फोटोत त्याच्या पोटावर एक बारीकसा ठिपका दिसतो. तो डॉयलच्या नजरेतून सुटला नाही. ही बेंबी असावी, असं त्याला वाटलं. म्हणजे या जीवांतही जन्म माणसासारखाच होत असावा. तो ठिपका टोपीला लावायच्या लांब टाचणीचं टोक होता. कागदी बुटक्याला गवतात उभा धरणारी टाचणी. पुरावा डोळ्यांसमोर होता, डोळे उघडे होते, आणि पाहणारा कुणी साधासुधा माणूसही नव्हता.

तो साधासुधा नव्हता हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही. या घटनेच्या तेरा वर्षं आधी, १९०७ मध्ये, डॉयलने जॉर्ज एडलजीला न्याय मिळवून दिला होता. जॉर्जचे वडील शापूरजी एडलजी मुंबईचे पारशी, ख्रिस्ती झालेले आणि इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशरच्या एका खेड्यात धर्मगुरू म्हणून राहिलेले. गावात रात्री गुरं-घोडी कापली जात होती. संशय या सावळ्या वकील पोरावर घेतला गेला आणि १९०३ मध्ये त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. तो सुटल्यावर डॉयल त्याला भेटायला एका हॉटेलात गेला, तेव्हा एडलजी वर्तमानपत्र वाचत बसला होता. कागद डोळ्यांच्या अगदी जवळ, आणि थोडा तिरका. डॉयल मुळात डॉक्टर, नेत्रविकारांचा अभ्यास केलेला. त्याने त्याच क्षणी ओळखलं की या माणसाची दृष्टी इतकी अधू आहे की काळोखात शेतं-कुंपणं ओलांडून जनावरापर्यंत पोचणं त्याला शक्यच नाही. मग वर्तमानपत्रांत लेख लिहून त्याने सरकारला हलवलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचं न्यायालय स्थापण्याचा कायदा झाला, त्यामागे या प्रकरणाचाही हात होता. एका परक्या रंगाच्या, मित्र नसलेल्या माणसासाठी इतकी धडपड करणाऱ्या डॉयलबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि पुढचं सगळं मी तो आदर ठेवूनच लिहितो आहे.

एडलजीच्या वेळी तो आपल्या विद्येच्या अंगणात उभा होता. खेडवळ मुली काय करू शकतात हे त्या अंगणाबाहेरचं होतं. कष्टकरी घरातल्या पोरींना असली कारागिरी जमणार नाही, आणि त्या खोटं कशाला बोलतील, हे त्याने गृहीत धरलं. यात सज्जनपणा होता, आणि वरच्या वर्गातल्या माणसाची खालच्यांना भोळं समजण्याची सवयही होती.

पण डॉयलला पऱ्या खऱ्या असायला हव्या होत्या, त्याचं कारण पऱ्यांपेक्षा खोल आहे. १९१६ मध्ये त्याने जाहीर केलं होतं की मेलेली माणसं जिवंतांशी बोलू शकतात, याबद्दल आपली खात्री झाली आहे. याला स्पिरिच्युअलिझम म्हणत. आपल्याकडे परलोकविद्या हा शब्द रुळला. मुलगा युद्धात गेला म्हणून डॉयल या पंथाकडे वळला असं पुष्कळदा लिहिलं जातं, पण तारखा तसं सांगत नाहीत. त्याचा मुलगा किंग्झ्ली सोमच्या लढाईत जखमी झाला होता, पण तो वारला १९१८ च्या ऑक्टोबरात, इन्फ्लुएंझाच्या साथीत. पाठोपाठ पुढच्या वर्षी धाकटा भाऊही गेला. डॉयलची खात्री त्याआधीची होती. मृतात्म्यांना बोलवण्याच्या बैठकांना तो १८८० च्या दशकापासून जात होता. दुःखाने त्या श्रद्धेला जन्म दिला नाही. सोडता येऊ नये इतकी ती घट्ट मात्र केली. आणि त्या वर्षांत युरोपातल्या प्रत्येक रस्त्यावर एखादं तरी घर असं होतं जिथे मुलगा परत आला नव्हता, त्याची कबरही कुठे आहे हे कळलं नव्हतं. अशा आयांच्या पुढे डॉयल उभा राहायचा आणि सांगायचा, तो आहे, तो सुखात आहे. ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत त्याच्या व्याख्यानांना सभागृहं ओसंडत. हा नवा धर्म आहे आणि आपण त्याचे प्रचारक आहोत, असं तो उघड म्हणे. लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीच्या जवळ त्याने परलोकविद्येच्या पुस्तकांचं दुकानही काढलं.

या धर्माचा जन्म १८४८ चा. न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल नावाच्या वस्तीत फॉक्स कुटुंबातल्या मॅगी आणि केट या दोन मुलींच्या खोलीत रात्री टकटक ऐकू येऊ लागली. प्रश्न विचारला की टकटक उत्तर देई. शेजारी जमले, मोठ्या बहिणीने जाहीर प्रयोग लावले, आणि काही वर्षांत अटलांटिकच्या दोन्ही काठांवर अशा बैठका भरू लागल्या. चाळीस वर्षांनी, १८८८ च्या ऑक्टोबरात, मॅगी न्यूयॉर्कच्या भरल्या नाट्यगृहात उभी राहिली आणि तो आवाज पायाच्या बोटांचे सांधे मोडून काढत होतो, हे तिने करून दाखवलं. सुरुवातीला तर दोरीला बांधलेलं सफरचंद जमिनीवर आपटत असू, हेही सांगितलं. पुढच्या वर्षी तिने शब्द फिरवला. दारिद्र्य आणि दारू यांनी तिला पोखरलं होतं. अनुयायांनी कबुलीजबाब खोटा मानला आणि माघार खरी मानली. बायकोमुलांच्या, आईबापांच्या आत्म्यांशी चाळीस वर्षं बोललेल्या माणसांकडून दुसरी अपेक्षा तरी काय करायची?

लबाडीखेरीज आणखीही एक गोष्ट या पंथाला जगवत होती, आणि ती मला स्वतःला ठाऊक आहे. माझ्या लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत प्लँचेट हा ठरलेला खेळ होता. पाटावर खडूने अक्षरं, मधोमध उपडी वाटी, वाटीवर तिघा-चौघांची बोटं, दिवा घालवून मेणबत्ती. वाटी सरकते. खरोखर सरकते, अक्षरामागून अक्षर गाठते. मी ढकलत नाही, असं प्रत्येक जण शपथेवर सांगतो, आणि कुणीही खोटं बोलत नसतो. मला त्या रात्री झोप लागली नव्हती. बऱ्याच वर्षांनी कळलं, की हे कोडं १८५३ मध्येच सुटलेलं आहे.

त्या वर्षी लंडनमध्ये फिरत्या टेबलांची साथ होती. लोक टेबलाभोवती बसत, हात टेकवत, आणि टेबल हलू लागे. विजेपासून आत्म्यांपर्यंत सगळ्यांना श्रेय दिलं जात होतं, म्हणून शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने प्रयोग केला. बसणारी माणसं त्याने मुद्दाम अशी निवडली की ज्यांचं टेबल हमखास फिरतं आणि जी प्रामाणिक आहेत. पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवून मध्ये मऊ लुकणाचे गोळे घातले, म्हणजे थर एकमेकांवर थोडे सरकू शकतील. खालून पेन्सिलीच्या खुणा केल्या. टेबल आपण होऊन फिरत असेल तर खालचा थर पुढे जाईल आणि हात मागे राहतील. झालं उलट. सगळ्यांत जास्त सरकला होता तो हातांखालचा थर. म्हणजे हात टेबलाला नेत होते. मग त्याने काडीचा एक काटा बसवला: हात जरा कुठे ढकलू लागले की काटा कलायचा. काटा बसणाऱ्यांना दिसत होता तोपर्यंत टेबल ढिम्म राहिलं. काटा झाकला की पुन्हा फिरू लागलं. मनात अपेक्षा असली की स्नायू आपल्याला न कळवता काम करतात, एवढंच त्यातून निघालं. पण ते काढायला किती सौजन्य लागलं! फॅरेडेने कुणालाही लबाड म्हटलं नाही. माणसाच्या प्रामाणिकपणावर विसंबावं लागणार नाही अशी मांडणी त्याने केली. संशय घेणं म्हणजे समोरच्याचा अपमान, असं ज्यांना वाटतं त्यांच्यापुढे मी नेहमी फॅरेडेचे ते पुठ्ठे ठेवतो.

फॅरेडेची ही रीत त्याच्यामागून आलेल्या सगळ्याच शास्त्रज्ञांनी उचलली नाही. थॅलियम हे मूलद्रव्य शोधणारा विल्यम क्रुक्स, रेडिओलहरींवर काम करणारा ऑलिव्हर लॉज असे मोठे वैज्ञानिक परलोकविद्येच्या बाजूने उभे राहिले. लॉजचा मुलगा १९१५ मध्ये आघाडीवर पडला होता. त्याच्याशी झालेल्या संभाषणांचं पुस्तक लॉजने पुढच्याच वर्षी काढलं. निसर्ग गूढ असतो, पण तो हातचलाखी करत नाही. आयुष्यभर निसर्गाशी व्यवहार केलेला माणूस फसवणाऱ्या हाताकडे कसं बघायचं हे कुठे शिकणार? ते ठाऊक असतं फसवण्यावर पोट असलेल्या माणसाला.

हॅरी हुदिनी हा तसा माणूस. बुडापेस्टमध्ये ज्यू धर्मगुरूच्या घरी जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला, बेड्या, पेट्या, कुलपं यांतून सुटण्यासाठी जगभर गाजलेला. उमेदवारीच्या दिवसांत त्याने स्वतः आत्मे बोलवण्याचे खोटे प्रयोग केले होते आणि त्याची त्याला पुढे लाज वाटत असे. १९१३ मध्ये त्याची आई वारली. आईवर त्याचा विलक्षण जीव होता. तिचा आवाज पुन्हा ऐकायला मिळावा म्हणून तो मृतांचे निरोप आणणाऱ्या माध्यमांकडे जाई, आणि प्रत्येक वेळी ओळखीची युक्ती पाहून परत येई. १९२० मध्ये त्याची आणि डॉयलची भेट झाली आणि दोघांची मैत्री जमली. दोघेही एकमेकांच्या श्रद्धेवर हसले नाहीत. हुदिनीला आशा होती, डॉयलला खात्री होती.

हुदिनीच्या वकिलाने लिहून ठेवलेली एक हकीकत अशी. हुदिनीने आपल्या घरी खोलीच्या मधोमध एक पाटी तारांवर टांगली. डॉयलला बुचाच्या लाकडाचे काही गोळे दाखवले. कोणताही निवडा, कापून बघा. एक गोळा पांढऱ्या शाईत बुडवला. मग म्हणाला, बाहेर जा, हवं तेवढं लांब जा, कागदावर काहीही लिहा आणि घडी करून परत या. डॉयल काही रस्ते ओलांडून गेला, बायबलमध्ये भिंतीवर उमटलेले शब्द त्याने हाताच्या आडोशाला लिहिले, परत आला. गोळा पाटीला चिकटला, फिरू लागला आणि तेच शब्द लिहून खाली पडला. डॉयल थक्क झाला. हुदिनीने त्याला कळकळीने सांगितलं की ही निव्वळ युक्ती आहे, तुम्हाला उलगडली नाही एवढ्यावरून कशालाही दैवी म्हणू नका. डॉयलने त्याचा अर्थ लावला तो असा, की हुदिनीत अलौकिक शक्ती आहे आणि तो ती लपवतो. मरेपर्यंत त्याचं हेच मत राहिलं. युक्ती करणारा ‘ही युक्ती आहे’ म्हणतो आणि पाहणारा ते मान्य करत नाही. अशा जागी वाद थांबतो, कारण आता कोणताही पुरावा विरुद्ध जाऊच शकत नाही.

मैत्री मोडली ती १९२२ च्या जूनमध्ये, अटलांटिक सिटीतल्या एका हॉटेलात. डॉयलची पत्नी जीन हिच्या हातून मृतात्मे लिहितात असं दोघं मानत. तिने हुदिनीला बोलावलं. पडदे ओढले, प्रार्थना झाली, तिचा हात भराभर चालू लागला आणि हुदिनीच्या आईचं पंधरा पानी पत्र तयार झालं. मायेने भरलेलं, पण इंग्रजीत. वर क्रूस काढलेला. आई ज्यू धर्मगुरूची विधवा, इंग्रजी तिला लिहिता येत नव्हतं. हुदिनीच्या म्हणण्याप्रमाणे तो दिवस तिच्या वाढदिवसाचा होता आणि पत्रात त्याचा उल्लेखही नव्हता. त्या खोलीत तो काही बोलला नाही. यजमानीण लबाडी करते आहे असं त्याला वाटलं नव्हतं. ती फॅरेडेच्या टेबलावर हात टेकवलेल्या माणसांइतकीच प्रामाणिक असावी. काही महिन्यांनी त्याने जाहीर लिहिलं, की परलोकातून काही येतं असा पुरावा आपल्याला मिळालेला नाही. डॉयल दुखावला. त्याच्याकडे उत्तरं होती: क्रूस त्याची पत्नी नेहमीच काढते, आणि आत्म्याचे विचार माध्यमाच्या भाषेत उतरतात. आईची आठवण काढून रडू शकणाऱ्या माणसाला तिच्या नावचं खोटं पत्र हातात घेऊन काय वाटलं असेल, हे मात्र त्याला दिसलं नाही.

त्यानंतरची चार वर्षं हुदिनीने या कामाला वाहून घेतली. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाने खऱ्या चमत्काराला अडीच हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं आणि परीक्षकांत त्याला घेतलं होतं. उमेदवार होती बॉस्टनची ‘मार्जरी’, एका प्रतिष्ठित शस्त्रवैद्याची पत्नी मीना क्रँडन. डॉयलचा तिला भक्कम पाठिंबा. मासिकाचा एक संपादक आणि काही परीक्षक क्रँडन यांच्याच घरी पाहुणचार घेत होते, आणि बक्षीस जवळपास ठरल्यात जमा होतं. १९२४ च्या जुलैत हुदिनी आला. अंधारात पेटीतली घंटा तिच्या मृत भावाच्या आत्म्याने वाजते, असा दावा. मार्जरीचे हातपाय शेजारी बसलेल्यांनी धरलेले असत. हुदिनीने दिवसभर गुडघ्याखाली रबराची घट्ट पट्टी बांधून ठेवली होती, त्यामुळे संध्याकाळपर्यंत तिथली कातडी हळवी झाली. अंधारात विजार वर सरकवून त्याने पाय तिच्या पायाला लावला, आणि घंटेच्या दिशेने इंचाइंचाने सरकणारा घोटा त्याला स्पष्ट जाणवला. पुढच्या वर्षी बक्षीस नाकारलं गेलं. काही वर्षांनी मृत भावाच्या अंगठ्याचा म्हणून मेणात उमटवलेला ठसा तिच्या दंतवैद्याच्या अंगठ्याशी जुळला.

आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावच्या पारावर पाणी शिंपडून नारळ पेटवतात, जळता कापूर जिभेवर ठेवतात आणि मग सोडियम कसा लपवला, कापूर का भाजत नाही, हे तिथल्या तिथे समजावतात. ही हुदिनीच्याच घराण्याची रीत आहे. आधी करून दाखवायचं, मग उघडून दाखवायचं. नरेंद्र दाभोलकर हे काम आयुष्यभर करत राहिले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. महाराष्ट्रात जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला तो त्यांच्या हत्येनंतर. हुदिनीनेही १९२६ मध्ये वॉशिंग्टनला संसदेच्या समितीपुढे साक्ष देऊन पैसे घेऊन भविष्य सांगण्यावर बंदी मागितली होती. ते विधेयक बारगळलं. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला तो आतड्याच्या विकाराने वारला. त्याची पत्नी बेस दर वर्षी त्या दिवशी त्याच्या निरोपाची वाट बघायची. दहा वर्षांनी, हॉलिवूडमधल्या एका हॉटेलच्या गच्चीवर, तिने ती वाट बघणं संपवलं आणि त्याच्या तसबिरीजवळचा दिवा मालवला.

डॉयल १९३० च्या जुलैत गेला. काही दिवसांतच लंडनच्या आल्बर्ट हॉलमध्ये हजारो माणसं जमली. व्यासपीठावर त्याच्यासाठी एक खुर्ची मोकळी ठेवली होती. एक माध्यम बाई म्हणाली, तो आला आहे. लोक आनंदाने रडले.

कॉटिंग्लीच्या त्या दोघी तेव्हा मोठ्या झाल्या होत्या. लग्नं झाली, परदेशी राहून आल्या, आज्या झाल्या. अधूनमधून कुणी पत्रकार येई, आणि दोघी सावध, अर्धवट उत्तरं देत. शेवटी १९८३ मध्ये त्यांनी सांगून टाकलं. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’चा संपादक जेफ्री क्रॉली तेव्हा या फोटोंच्या तपासावर लेखमाला लिहीत होता. याच नियतकालिकात त्याआधी सुमारे शंभर वर्षं तरुण डॉयलने छायाचित्रणावर लेख लिहिले होते. एल्सीने ‘प्रिन्सेस मेरीज गिफ्ट बुक’ या पुस्तकातल्या नाचणाऱ्या मुलींची चित्रं बघून पऱ्या काढल्या होत्या, त्यांना पंख जोडले होते, कापल्या होत्या आणि टाचण्यांनी गवतात रोवल्या होत्या. त्या पुस्तकात डॉयलचीही एक गोष्ट आहे.

पहिल्या दिवशी वडील खोलीतून ओली काच घेऊन बाहेर आले तेव्हा हे सांगायला एक मिनिट पुरलं असतं. नंतरही दोन-तीन वर्षं ते सोपं होतं. मग एवढा मोठा माणूस मध्ये आला, त्याने जगापुढे आपलं नाव त्या फोटोंखाली घातलं, आणि दार बंद झालं. वडिलांच्या मनातून डॉयल उतरला, पण तेही गप्प राहिले. एल्सीने म्हातारपणी सांगितलं, की आम्ही खेड्यातल्या दोन पोरी आणि तो इतका बुद्धिमान माणूस. तो फसला हे सांगण्याची लाज वाटत होती, त्याच्यासाठी. म्हणून साठ-पासष्ट वर्षं त्या दोघींनी त्याची अब्रू सांभाळली. फ्रान्सिस तर अखेरपर्यंत म्हणत राहिली, की पाचवा फोटो मात्र खरा आहे.